ब्रेकच्या नळीत हवा शिरली, की पास्कलचा नियम कुठे जातो?

प्रश्न:
गाडीचे ब्रेक ऑइल बदलून आणल्यानंतर पेडल पार तळापर्यंत जाऊ लागले. लागोपाठ तीन-चारदा दाबले, की मात्र ब्रेक लागत असे. मेकॅनिकने चाकाजवळच्या निपलला पारदर्शक नळी लावली, तिचे दुसरे टोक ऑइलच्या बाटलीत बुडवले आणि बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल काढले. ‘हवा दाब पुढे जाऊ देत नाही,’ असे कारण त्याने सांगितले. परंतु शाळेत पास्कलचा नियम (बंदिस्त द्रायूवर दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो) द्रायूंसाठी, म्हणजे द्रव आणि वायू या दोहोंसाठी, शिकवला होता. मग हवेने नेमके काय बिघडवले?

प्रतिसाद १:
मेकॅनिकची कृती बरोबर, कारण मात्र चुकीचे. बुडबुड्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब सारखाच असतो. हवा दाब अडवत नाही. ती पेडलची चाल खाते.

मास्टर सिलिंडरच्या (पेडलने दाबल्या जाणाऱ्या) दट्ट्याचा व्यास २० मिलिमीटर आणि कॅलिपरच्या (चाकाजवळ ब्रेकचे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या) दट्ट्याचा ५० मिलिमीटर धरला, तर क्षेत्रफळ सव्वासहा पट होते आणि दाब तोच असल्याने बलही सव्वासहा पट मिळते. मात्र मोठा दट्ट्या १ मिलिमीटर सरकण्यासाठी लहान दट्ट्याला सव्वासहा मिलिमीटर सरकावे लागते. पॅड आणि डिस्क यांच्यातली फट अगदी बारीक असते, म्हणूनच हा व्यवहार परवडतो.

आता नळीत ३ घन सेंटिमीटर हवा आहे असे समजा. दाब वातावरणाच्या ५० पट झाला, की ती पन्नासाव्या हिश्शात मावते, आणि रिकामी झालेली जागा मास्टर सिलिंडरला ऑइलने भरून द्यावी लागते. त्यासाठी त्याचा दट्ट्या जवळजवळ १ सेंटिमीटर जादा सरकतो आणि पेडलची तरफ चौपट असल्यास पाय ४ सेंटिमीटर अधिक खाली जातो. ऑइल त्याच दाबाखाली अर्धा टक्काही आक्रसत नाही. तुम्ही पुनःपुन्हा पेडल मारत होतात तेव्हा प्रत्येक वेळी टाकीतले थोडे ऑइल दट्ट्याच्या पुढे येत होते, म्हणून चौथ्या खेपेस ब्रेक लागत होता.

प्रश्नकर्ता:
चाल खाण्याचा मुद्दा पटला. पण मग ट्रक आणि एसटी बसचे ब्रेक हवेवर कसे चालतात?

प्रतिसाद २:
तिथे हवा दाबण्याचे काम पायाकडे नसतेच. इंजिनावर चालणारा कंप्रेसर टाकीत साधारण ७ ते ८ बार दाबाची हवा भरून ठेवतो आणि पेडल केवळ झडप उघडते. दाब कमी असल्यामुळे चाकाजवळच्या ब्रेक चेंबरचा पडदा चांगला रुंद ठेवावा लागतो.

प्रतिसाद १:
एक पुरवणी. निपल घट्ट असूनही हीच तक्रार उद्भवू शकते. ग्लायकॉलचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा मुरलेल्याचा १४० अंश चालतो. लांब घाट उतरताना कॅलिपर तापून ते उकळले, तर नळीत वाफ होते आणि वाफही हवेसारखीच चाल खाते. घाटाखाली गाडी थोडा वेळ उभी केल्यावर पेडल पुन्हा कडक होत असेल, तर ऑइल जुने झाले आहे का, ते आधी पाहावे.