प्रतिसाद: पालकाची पिवळी पाने आणि न उतरणारा सामू

कोल्हापूरच्या राजारामपुरीतील फ्लॅटमध्ये मांडलेल्या आपल्या अ‍ॅक्वापोनिक्स संचात (माशांच्या टाकीतील पाण्यावर भाजी वाढवण्याच्या मांडणीत) अमोनिया जवळपास शून्य आणि नायट्रेट ४० पीपीएम असूनही पालकाची कोवळी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्या आहेत आणि सामू (पाण्याचा पीएच) ७.८ आहे, असे आपण लिहिले आहे. जुनी पाने हिरवी राहून नवी पिवळी पडणे हे नत्राच्या नव्हे, लोहाच्या कमतरतेचे लक्षण आहे. त्यामुळे नत्र वाढावे म्हणून माशांचे खाद्य वाढवण्याचा, आधीच्या एका प्रतिसादात सुचवलेला उपाय मला धोक्याचा वाटतो, कारण जास्तीच्या खाद्यातून अमोनिया वाढला, तर इतक्या सामूला त्यातील विषारी अंशही जास्त असतो.

इतक्या सामूला लोह पाण्यात विरघळलेले राहत नाही आणि मुळांना मिळत नाही, म्हणून खरा प्रश्न सामू खाली का येत नाही, हा आहे. नायट्रीकरणाने (जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात त्या क्रियेने) तो हळूहळू उतरायला हवा. उतरत नसेल, तर बोअरच्या जड पाण्यातील बायकार्बोनेट किंवा वाफ्यातील चुनखडीचे खडे त्याला धरून ठेवत असावेत. खड्यांवर व्हिनेगर टाकून पाहावे. बुडबुडे आले, तर ते काढून आपल्याकडे सहज मिळणारी काळ्या दगडाची खडी स्वच्छ धुऊन घालावी. तोवर लिटरमागे २ मिलिग्रॅम लोह मिळेल अशा बेताने ईडीडीएचए चिलेट (लोह पाण्यात विरघळलेले ठेवणारे संयुग) द्यावे. दुसऱ्या प्रकारचे, ईडीटीए चिलेट या सामूला टिकत नाही. पाणी तांबूस होईल, त्याची काळजी नसावी. नव्या पाण्याचा सामू मात्र वेगळ्या पिंपात फॉस्फोरिक आम्लाने उतरवून मगच ते थोडे थोडे टाकीत सोडावे.