प्रतिसाद: दवाखान्याच्या पलीकडचं आरोग्य

दवाखाने आणि डॉक्टर वाढवले की एखाद्या भागाचं आरोग्य आपोआप सुधारेल, असं आपल्या चर्चेत म्हटलं गेलं. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. फिनलंडमधल्या उत्तर कारेलियाचं उदाहरण बघा. तिथे ऐन कमावत्या वयातले पुरुष हृदयविकाराने पटापट जात होते. शेवटी लोकांनीच सरकारकडे मदत मागितली आणि 1972 मध्ये डॉ. पेक्का पुस्का यांच्या नेतृत्वाखाली हृदयविकार रोखण्याचं काम सुरू झालं. नुसत्या माहितीपत्रकांनी काय होणार? मार्था या महिला संघटनेने गावोगाव संध्याकाळचे मेळावे घेतले. नेहमीचंच जेवण, पण चरबी कमी आणि भाज्या जास्त घालून शिजवलेलं. सगळ्यांनी एकत्र बसून खाल्लं. लोण्याचा खप घटणार म्हणून दूध उत्पादक साहजिकच बिथरले, तर त्यांना बेरीच्या लागवडीकडे वळायला मदत झाली. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण ज्याच्या पोटावर पाय येतो त्यालाही यात सामावून घेतलं गेलं. पुढच्या काही दशकांत तिथल्या कमावत्या वयाच्या पुरुषांतले हृदयविकाराचे मृत्यू 80 टक्क्यांहून अधिक घटले. धूम्रपान घटल्याचा आणि रक्तदाबावरच्या उपचारांचाही त्यात वाटा होता, हे खरंच. म्हणून आपल्या चर्चेत डॉक्टरांबरोबर शेतकरी, दुकानदार आणि महिला मंडळंही पहिल्या बैठकीपासून हवीत.