मदत हवी आहे: 'टॉप हॅट'ची मराठी सबटायटल्स

नमस्कार मंडळी. माझ्या आईला नाचगाण्याचे जुने सिनेमे म्हणजे जीव की प्राण, पण इंग्रजी कळत नाही. तिच्यासाठी फ्रेड अस्टेर आणि जिंजर रॉजर्सच्या 'टॉप हॅट'ची (१९३५) मराठी सबटायटल्स मी घरीच लिहितोय. संवाद बहुतेक झालेत, गाण्यांशी अडलोय.

लंडनच्या हॉटेलात खालच्या खोलीतल्या डेलची (जिंजर रॉजर्स) झोपमोड होते म्हणून जेरी (फ्रेड अस्टेर) जमिनीवर वाळू पसरून हळुवार पावलं टाकतो, तिथे शब्द लागतच नाहीत. डेलच्या मैत्रिणीचा नवरा हॉरेस, त्याची बॅग आणि छडी जेरीच्या हातात येते नि डेल जेरीलाच हॉरेस समजून बसते, तेही आईला नुसतं बघून कळेल. पण 'चीक टू चीक' हे गाणं! नाचताना डेलच्या ड्रेसची शहामृगाची पिसं सुटून तरंगतात, आणि गीतकार अर्विंग बर्लिनचे शब्द इतके साधे की मराठीत 'गालाला गाल' लिहिलं की सगळी नजाकतच जाते.

चालीत बसणाऱ्या ओळी लिहू, की थोडक्यात अर्थ देऊ? आई वाचत बसली तर नाच बघायचा राहील, ही माझी खरी काळजी.

दुसरं, पेन ड्राइव्हवरून टीव्हीवर लावलं की मराठी अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात. फाइल यूटीएफ-८ मध्येच (मराठी अक्षरं साठवता येणाऱ्या प्रकारात) सेव्ह केली आहे, लॅपटॉपवर नीट दिसते. कुणी हे सोडवलंय का? पुढच्या महिन्यात आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे, त्याआधी जमायला हवं.