अमेरिकेत शिक्षकांना शाळेत पिस्तूल ठेवायचा कायदा, नक्की काय भानगड आहे?

शहापूरची_वैनी

नमस्कार मंडळी. विषय लांबचा आहे पण घरात चार दिवस तोच चाललाय म्हणून विचारते. माझी धाकटी बहीण टेनेसी राज्यात असते, नॅशविलपासून तासाभरावर. तिचा पोरगा दुसरीत आहे आणि ती स्वतः पण बदली शिक्षक म्हणून जाते, म्हणजे कोण रजेवर असलं की हिला फोन येतो. परवा व्हिडिओ कॉलवर सहज म्हणाली की इकडं आता शिक्षकांना शाळेत पिस्तूल बाळगता येतं, कायदाच झालाय. आई तिथंच शेंगा फोडत बसलेली, ती म्हणाली मग छडीचं काय झालं. सगळे हसलो पण रात्री मला काय झोप लागेना.

मला एवढंच समजून घ्यायचंय, हे सक्तीचं आहे का? आणि वर्गातल्या बाईकडं पिस्तूल आहे की नाही हे आईबापाला कळतं का? आणि जिथं शाळेत एवढी पोरं मारली गेली तिथल्याच विधानसभेत उलट आणखी बंदुका आणायचं कसं काय ठरलं? आमचे हे म्हणतात बरोबरच आहे की, बेळगावात माजी सैनिकांची काय कमी आहे, आपल्याकडं पण असं करावं. ह्यांना काय सांगू तेवढं सांगा.

निपाणीकर_डॅलसवाला

वैनी, मी टेक्सासमध्ये नऊ वर्षं झाली, दोन पोरं इथल्याच सरकारी शाळेत आहेत, त्यामुळं हा विषय घरातलाच झालाय. सक्ती कुठंच नाही, आधी ते डोक्यातून काढा. टेनेसीचा कायदा एप्रिल २०२४ चा. त्याच्या आधी वर्षभर, २७ मार्च २०२३ ला, नॅशविलच्या कव्हेनंट स्कूलमध्ये गोळीबार झाला, ३ लहान मुलं आणि ३ मोठी माणसं गेली. लोकांना वाटलं आता बंदुका विकत घेण्यावर काहीतरी बंधनं येतील, आंदोलनं झाली, आया पोरांना घेऊन विधानसभेच्या दारात बसल्या, आणि शेवटी बिल आलं ते हे. तिथं दोन सभागृहं आहेत, सिनेटमध्ये २६ विरुद्ध ५ आणि हाऊसमध्ये ६८ विरुद्ध २८ ने पास झालं, गव्हर्नर बिल ली यांनी लगेच सही केली. गॅलरीत लोक 'तुमच्या हाताला रक्त लागलंय' असं ओरडायला लागले तेव्हा स्पीकरनी पोलिसांना सांगून गॅलरी रिकामी करायला लावली. बिलाच्या बाजूच्या रिपब्लिकन पक्षातल्या चार जणांनी पण विरोधात मत दिलं, हे लोक विसरतात.

कायद्यात काय आहे ते सांगतो. ज्याला पिस्तूल ठेवायचंय त्यानं स्वतःहून अर्ज करायचा, परमिट हवं, बोटांचे ठसे, मानसिक तपासणी, दरवर्षी ४० तासांचं ट्रेनिंग. वर मुख्याध्यापक, त्या भागातल्या शाळांचा डायरेक्टर आणि पोलिसांचा प्रमुख, तिघांची लेखी परवानगी. जिम, स्टेडियम, सभागृह अशा ठिकाणी शाळेचा कार्यक्रम चालू असताना न्यायचं नाही. ऐकायला कडक वाटतं. पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, नाही, आईबापाला कळत नाही. नाव गुप्त ठेवायचं असं कायद्यातच आहे. विरोधातल्या डेमोक्रॅट पक्षाच्या लोकांनी दुरुस्त्या मांडल्या होत्या, की पालकांची संमती घ्या, निदान शाळेत कोण शस्त्रधारी आहे ते कळवा, आणि त्या बंदुकीनं काही झालं तर नुकसानीची जबाबदारी शाळा खात्याची. एकूण एक दुरुस्ती फेटाळली. मला विचाराल तर सगळा वाद त्या तिसऱ्या दुरुस्तीत आहे, कारण पहिल्या दोनला निदान कारण देता येतं की हल्लेखोराला कळू नये म्हणून गुप्तता, पण जबाबदारी कुणाची ह्यावर गप्प बसायला कारण काय?

बाकी राज्यांत वेगळे वेगळे नियम आहेत. फ्लोरिडात पार्कलंडला शाळेतल्या गोळीबारात १७ जण गेले फेब्रुवारी २०१८ मध्ये, त्यानंतर शाळेतल्या माणसांना शस्त्र द्यायची गार्डियन म्हणून योजना आली, तिचं नाव एका फुटबॉल कोचच्या नावावर आहे जो पोरांच्या पुढं उभा राहून मेला, त्याच्याकडं शस्त्र नव्हतं. पहिल्या वर्षी त्या योजनेतून वर्गशिक्षक वगळले होते, २०१९ ला घेतले. तिथं १४४ तासांचं ट्रेनिंग आहे. ओहायोत कोर्टानं सांगितलं होतं की पोलिसाएवढं ट्रेनिंग पाहिजे, म्हणजे ७०० तासांच्या वर, तर २०२२ मध्ये विधानसभेनं कायदाच बदलला आणि २४ तासांवर आणलं. ७०० चे २४! तंबाखूच्या सौद्यात पण एवढा भाव पडत नाही.

आणि आमच्या टेक्सासचं युव्हाल्डी, तिथल्या शाळेतला गोळीबार, मे २०२२, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. ३७६ पोलीस आले होते, तिनशे शहात्तर, आणि ७७ मिनिटं कोण वर्गात शिरलं नाही. इथं दोन्ही बाजू हीच गोष्ट सांगतात. एक म्हणते बघा, पोलिसांवर भरवसा ठेवू नका, शिक्षकाच्या हातात द्या. दुसरी म्हणते बघा, ३७६ ट्रेनिंग झालेल्या माणसांचे पाय थिजले तर गणिताच्या बाईंनी काय करायचं. माझं स्वतःचं मत दुसरं आहे, पण पहिल्यांना मूर्ख म्हणवत नाही मला.

जांबोटी_रानातला

मी जरा उलटं बोलतो, शिव्या घालू नका. डॅलसवाले दादा म्हणतायत ते ठीक, पण ज्या खेड्यातल्या शाळेत पोलीस यायला अर्धा पाऊण तास लागतो त्यांनी काय करायचं? आमच्याकडं जांबोटी कणकुंबीच्या पट्ट्यात पावसाळ्यात झाड पडलं की रस्ता बंद, फोनला रेंज न्हाई, एखादा दारूडा शाळेत शिरला तर गुरुजी आणि भात शिजवणाऱ्या मावशी एवढेच. तिकडच्या खेड्यातले आमदार हेच बोलत असतील की, चुकीचं काय त्यात?

आता दुसरी बाजू पण सांगतो कारण आमच्या घरात बंदूक आहे. ठासणीची, आजाच्या वेळची, डुकरं हाकायला पीक संरक्षणाचं लायसन. शाळेच्या दप्तरापेक्षा जास्त कागद तिचे. इलेक्शन लागलं की आचारसंहिता, मग बाबा ती पोत्यात गुंडाळून यष्टीनं खानापूरला नेऊन स्टेशनात जमा करतात, पावती घेतात, निकाल लागला की परत आणायला दोन खेपा, साहेब न्हाईत उद्या या. तोवर डुकरं भात लोळवून जातात. एकदा कंटाळून त्या लायसनच्या मागच्या अटी वाचत बसलो. त्यात लिहिलंय की जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत, लोकं जमतात तिथं आणि शाळा कॉलेजच्या आवारात हे हत्यार खास परवानगीशिवाय न्यायचं न्हाई. म्हणजे वैनी, तुमच्या मालकांना सांगा, आपल्याकडं लायसन असलं तरी शाळेचं गेट ओलांडता येत न्हाई. कोडगूच्या म्हणजे कुर्गच्या लोकांना लायसनची पण सूट आहे, पण ती रीत त्यांच्या जागी, शाळेशी त्याचा काय संबंध न्हाई.

वडगाव_पहिलीच्या_बाई

जांबोटीचे दादा, तुमची अडचण खरी आहे, पण मी पहिलीला शिकवते म्हणून मला वेगळंच दिसतंय. डॅलसवाल्यांनी लिहिलं ते वाचलं आणि पहिला प्रश्न पडला की ते पिस्तूल ठेवायचं कुठं? कपाटात ठेवलं तर वेळेला उपयोग नाही आणि अंगावर ठेवलं तर, अहो माझी पोरं दिवसभर अंगाला चिकटून असतात. वही तपासायला वाकले की दोन जण पाठीवर, एक कमरेला मिठी मारून, एक पर्स चाचपतंय चॉकलेट आहे का बघायला. मागच्या आठवड्यात एकानं माझ्या चष्म्याची डबी नेली आणि दुपारपर्यंत त्यात सुरवंट ठेवला होता, मला पत्ता नाही. त्या डबीच्या जागी काय असतं हा विचार करून बघा.

आणि आमच्या मागं काय कमी आहे का? आरटीईच्या म्हणजे शिक्षण हक्काच्या कायद्यात २७ वं कलम आहे, जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून शिक्षकाला दुसरं काम लावायचं नाही म्हणून. लावतात ते लावतातच. गेल्या दसऱ्यात जातीच्या सर्वेक्षणाला दारोदार फिरलो, शाळांची सुट्टी वाढवली त्यासाठी. पोरांची अंडी मोजा, केळी मोजा, कुणाला काय दिलं ते लिहा, कन्नडमध्ये रिपोर्ट पाठवा. आता संरक्षण पण आम्हीच करायचं? त्याच सरकारनी आम्हाला हात उचलायला बंदी केलीय, ती योग्यच आहे, पण मग पट्टी नको आणि पिस्तूल चालेल असं कसं? वैनी तुमच्या आईनी विचारलं ते हसण्यावारी नेऊ नका.

बाहुबली_चिकोडी

एवढं कशाला घाबरताय, शाळेत बंदूक आहे म्हटल्यावर यायची कुणाची हिंमत होणार नाही. बाकी सगळं भित्र्या लोकांचं बोलणं

एनसीसीवाले_सर

चिकोडीकर, जरा थांबा. मी हायस्कूलला २६ वर्षं होतो, त्यातली १८ एनसीसी बघितली, पोरांकडून पॉइंट टू टू रायफल चालवून घेतलीय, तेव्हा भित्रा तर मी नाही.

एक प्रसंग सांगतो. कॅम्पचा शेवटचा दिवस, फायरिंग संपलं, रायफली मोजून झाल्या, आणि खाली केस मोजताना एक कमी. गोळी नाही हां, गोळी उडून गेल्यावर जे पितळेचं टरफल उरतं ते. सुभेदार साहेब म्हणाले मिळाल्याशिवाय कोण हलायचं नाही. ८० पोरं आणि आम्ही तीन मास्तर गवतात गुडघ्यावर बसून ओळीनं चाचपत गेलो, चार वाजल्यापासून दिवस मावळेपर्यंत. शेवटी एका पोराच्या बुटाच्या घडीत सापडलं. त्यानंतर रायफली कोतमध्ये, म्हणजे हत्यारांच्या खोलीत, दाराला पहारा, रजिस्टरला दोन सह्या. गोळीबार केला पाऊण तास आणि सांभाळायला अख्खा दिवस. हे लष्कराच्या शिस्तीत. शाळेत माझ्या टेबलाच्या ड्रॉवरची किल्ली वर्षातनं तीनदा हरवायची.

तिकडंही हेच झालंय. युटामध्ये परमिट असलं की शिक्षकाला पिस्तूल नेता येतं, तिथं २०१४ मध्ये एका शिक्षिकेकडून शाळेच्या टॉयलेटमध्ये चुकून बार उडाला, कमोड फुटून त्याचे तुकडे तिच्याच पायात घुसले. नशीब आत पोरं नव्हती. आणि फक्त अमेरिकेचं कशाला, पाकिस्तानात पेशावरला आर्मी पब्लिक स्कूलवर १६ डिसेंबर २०१४ ला हल्ला झाला त्यानंतर तिथल्या खैबर पख्तुनख्वा प्रांताच्या सरकारनी शिक्षकांना शस्त्र ठेवायची मुभा दिली. पुढच्याच वर्षी स्वातमध्ये एका शिक्षकाकडून पिस्तूल साफ करताना गोळी सुटली आणि १२ वर्षांचा विद्यार्थी गेला. पण खोटं बोलणार नाही, २०१६ मध्ये त्याच भागात बाचा खान विद्यापीठावर हल्ला झाला तेव्हा केमिस्ट्रीच्या एका प्राध्यापकानी स्वतःच्या पिस्तुलानं हल्लेखोरांवर गोळ्या झाडल्या, मुलांना पळायला वेळ मिळाला. ते स्वतः वाचले नाहीत. दोन्ही खरंच आहे. फरक एवढा की हल्ला बहुतेक शाळांवर कधीच येत नाही आणि पिस्तूल मात्र रोज साडेनऊला शाळेत येणार, प्रार्थनेला उभं राहणार, मधल्या सुट्टीत डबा खाणार. मी आमदार असतो तर ट्रेनिंगचे तास नंतर विचारले असते, आधी विचारलं असतं की रोज संध्याकाळी मोजून घेणारा कोण आणि त्याची सही कुठं.

वैनी, तुमच्या मालकांना माजी सैनिक पाहिजेत ना, मग गेटवर ठेवा की. मराठा लाइट इन्फंट्रीची किती माणसं रिटायर होऊन इथं बँकांच्या दारात उभी आहेत. पगार कोण देणार तेवढं मात्र त्यांनाच विचारा.

निपाणीकर_डॅलसवाला

सर, पगाराचं बोललात म्हणून. टेक्सासनं युव्हाल्डीनंतर २०२३ ला कायदा केला की प्रत्येक शाळेत एक शस्त्रधारी माणूस पाहिजेच. पैसे दिले शाळेमागं १५ हजार डॉलर आणि पोरामागं १०. इथं तेवढ्यात पोलीस वर्षभर मिळत नाही, मग काय, बरेच शाळावाले म्हणाले सवलत द्या, आम्ही आमच्या स्टाफमधल्याच कुणालातरी तयार करतो. शिक्षकाच्या हातात बंदूक येते ती अशी पण येते, बजेट पुरत नाही म्हणून.

शहापूरची_वैनी

सगळ्यांचे आभार, ह्यांना सरांचा मेसेज वाचायला दिला, टरफलाची गोष्ट वाचून गप्प बसलेत, पगाराचं मात्र म्हणाले बघू.

रात्री बहिणीशी बोलले. तिच्या पोराच्या शाळेनी पालकांना कळवलंय की आमच्याकडं फक्त पोलीसच, शिक्षकांना परवानगी द्यायची नाही असं ठरलंय, तेवढं एक बरं झालं. पण ती स्वतः शिकवायला जाते ती दुसऱ्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, शेजारच्या. तिथं तिनं ऑफिसात विचारलं तर म्हणाले सांगता येत नाही. म्हणजे आहे म्हणून सांगत नाहीत की नाही म्हणून, ते पण सांगता येत नाही. डॅलसवाले, तुम्ही पालकांचं लिहिलंत, इथं तर शेजारच्या वर्गातल्या बाईला पण कळत नाही. हल्ला झाला तर काय करायचं त्या ड्रिलमध्ये हिला दाराला आतून कुलूप लावून, लाइट घालवून पोरांना कोपऱ्यात बसवायचं शिकवलंय. मी विचारलं, आणि बाहेरून कोण पिस्तूल घेऊन आलं आणि दार वाजवलं तर तो कोण आहे तुला कसं कळणार? म्हणाली, दार उघडायचंच नाही असं सांगितलंय, कुणीपण असलं तरी.

सोमवारी तिसरीच्या वर्गावर बोलावलंय तिला.