हळदीचा डाग साबण लावला की लाल का होतो?? पोराला काय सांगू

चिंगी_आणि_मंडळी:
काल गंमतच झाली. लेकाच्या शाळेच्या पांढऱ्या शर्टावर डब्यातली बटाट्याची भाजी सांडलेली, मी म्हटलं तू सहावीत आहेस आता, तुझा डाग तू धू. तो कपड्याची वडी घासत बसला आणि एकदम किंचाळत आला, आई रक्त येतंय शर्टातून! बघते तर पिवळा डाग लालभडक. मग पाण्याने खळबळून काढला तर परत पिवळा. हे मी लहानपणापासून बघतेय पण का होतं ते कधी विचारलंच नाही कुणाला. आता तो मागे लागलाय. त्याला कळेल असं कुणी सांगेल का, जड भाषेत नको प्लीज.

फोडणीवाला:
ताई हळद बदला आधी. लाल होते म्हणजे केमिकल रंगाची भेसळ असणार, असली हळद रंग बदलत नाही.

निवृत्त_फळा:
फोडणीवाले, उलटं आहे हो. असली हळदच साबणाने लाल होते. तुमच्या डोक्यात मेटॅनिल यलोची टेस्ट असेल. तो रंग भेसळीला वापरतात आणि तो गुलाबी होतो ते तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड घातल्यावर, म्हणजे साबणाच्या अगदी विरुद्ध टोकाला. (ती टेस्ट घरी करू नका कुणी.)

आता चिंगीताई, लेकाला असं सांगा. हळदीत कर्क्युमिन नावाचा पदार्थ असतो, शंभर ग्रॅम हळदीत साधारण तीनेक ग्रॅम, पण पिवळेपणा सगळा त्याचा. त्याच्या रेणूच्या कडेला एखाद-दुसरा हायड्रोजन असा बसलेला असतो की कुणी मागितला की देऊन टाकेल. साबण बनतो तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून, त्यामुळे वडीचं पाणी आम्लारिधर्मी असतं, म्हणजे आम्लाच्या उलट, सामू (pH, हे मोजायचा आकडा, सात म्हणजे मधोमध) ९-१० च्या आसपास, आणि असलं पाणी हायड्रोजन मागतच फिरत असतं. आधी कर्क्युमिन निळा-जांभळा उजेड गिळायचं म्हणून आपल्याला पिवळं दिसायचं, हायड्रोजन गेला की ते हिरवटाकडचा उजेडही गिळायला लागतं, मग दिसतं लाल. भरपूर पाण्याने साबण गेला की हायड्रोजन परत मिळतो, रंग परत पिवळा. म्हणजे डाग तोच आहे, गेला कुठेच नाही. शाळेत लिटमस दाखवतात तेच काम हळद करते, पुस्तकात याला दर्शक म्हणतात. ३५ वर्षं शिकवलं, लिटमस पोरं विसरतात, हळद नाही विसरत.

सांगलीची_पोर:
आमच्याकडे हे सगळ्यांना माहीत, हळदीचंच गाव ना! आजी सांगायची पूर्वी कुंकू असंच करायचे, हळदीला चुना नाहीतर टाकणखार आणि लिंबाचा रस लावून. हल्ली पाकिटातल्या बऱ्याच कुंकवात नुसता रंग असतो ते वेगळं. आणि ताई डाग जायला हवा असेल तर शर्ट धुवून ओलाच कडक उन्हात टाका, दोन दिवसांत फिका पडतो बघा, कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. घासून घासून कॉलर फाडू नका.

चिंगी_आणि_मंडळी:
सर खूप खूप धन्यवाद 🙏 आम्ही लगेच करून बघितलं. आधी हळद पाण्यात कालवली तर सगळी खाली बसली, मग सॅनिटायझर घातलं (गॅसपासून लांब बसलो होतो) तर मस्त पिवळंधमक झालं. त्यात जुन्या लग्नपत्रिकेचं कोरं पाकीट कापून पट्ट्या बुडवल्या आणि वाळवल्या. खायच्या सोड्याने जेमतेम तांबूस, धुण्याच्या सोड्याने चांगली लाल, आणि सासूबाईंच्या पानाच्या डब्यातला चुना लावला तर पार विटकरी! लाल पट्टीवर लिंबू पिळलं की परत पिवळी. पण भांडी घासायच्या लिक्विडने काहीच झालं नाही, असं का?

निवृत्त_फळा:
शाब्बास! काही लिक्विडं वडीसारख्या साबणाची नसतात, डिटर्जंट वेगळं असतं आणि सामू सातच्या जवळ ठेवलेला असतो, हाताला त्रास नको म्हणून. हळद साधारण आठच्या पुढे गेल्यावर तोंड लाल करते. खायचा सोडा बरोबर त्या काठावर, म्हणून जेमतेम. सॅनिटायझरचं कारण असं की कर्क्युमिन पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये आणि तेलात विरघळतं, तुमच्या भाजीच्या तेलातून ते शर्टाच्या धाग्यात गेलं तसंच. चुना मात्र मुलाच्या हाती देऊ नका, डोळ्यात गेला तर वाईट भाजतं. पुढच्या वेळी जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात टाका, त्या पाण्यात लिंबू आणि सोडा वेगवेगळे घालून बघा.

फोडणीवाला:
सॉरी सर, मी हळदीचं पाकीट फेकायला काढलं होतं 😅 परत डब्यात ओततो.

चिंगी_आणि_मंडळी:
जास्वंद झाली! लिंबाने गुलाबी आणि सोड्याने चक्क हिरवी. आता साहेबांनी साबणाच्या पाण्यात काडी बुडवून हळदीच्या पट्टीवर लिहिलंय "मी शर्ट धुणार नाही", लाल अक्षरात, आणि फ्रिजवर चिकटवलंय.