मदत हवी आहे : नाट्यसंस्था चालवण्यासाठी नैतिक नेतृत्वाचा अभ्यास (बडोदे)

नमस्कार मंडळी. नाट्यशास्त्राच्या पदवीसोबत हा अभ्यास चालू आहे. पुढे हौशी संस्था चालवायची आहे. कायद्याची बाजू वाचून झाली. लैंगिक छळ प्रतिबंधक कायदा, २०१३ : १० किंवा जास्त माणसं असली की अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष स्त्रीच, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया, एक सदस्य बाहेरचा. बिनमानधनाचे कलाकारही या कायद्याखाली येतात, हे बऱ्याच हौशी मंडळींच्या लक्षातच येत नाही. कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ही पाहिलं : हक्क विकले तरी लेखकाचा श्रेयावरचा हक्क राहतो.

घोडं अडतं ते तालमीत. भूमिका देणारा, मानधन ठरवणारा आणि तक्रार ऐकणारा दिग्दर्शक एकच; म्हणून पुढची भूमिका जाईल या भीतीनं कुणी बोलत नाही. भूमिकावाटप तिघांकडे आणि मानधन पहिल्या तालमीआधी लेखी, असा नियमावलीचा मसुदा केला आहे. तक्रारीचं कलम मात्र जमत नाही, कारण १२-१५ जणांत सगळेच एकमेकांचे मित्र नाहीतर नातलग.

शिकण्यासाठी काही सुचवणार असाल तर व्यवस्थापनाचे ऑनलाइन कोर्स नकोत, त्यांतली उदाहरणं कंपन्यांची असतात. मला वेळ संध्याकाळी सातनंतर असतो. मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल.

मानधन, श्रेय यांसारख्या रोजच्या तक्रारी दिग्दर्शकाला वगळून कुणाकडे, किती दिवसांत जाव्यात, हे तुमच्या संस्थेच्या नियमावलीत नेमकं कसं लिहिलं आहे?