आठ जणांचा एकत्र कोंबुचा दिवस (ठाणे): २० लिटरचं गणित कसं बसवायचं?

घोडबंदरकर

नमस्कार मंडळी. घरी कोंबुचा (आंबवलेला गोड चहा) लावणारे आम्ही आठ जण एका रविवारी एकत्र जमणार आहोत. पाच ठाण्यातले, दोघं नेरूळची, एक जण ऐरोलीहून येईल. घोडबंदर रोडच्या एका सोसायटीचं क्लब हाउस सकाळी १० ते दुपारी २ मिळालं आहे. सिलिंडर आणायला कमिटीची परवानगी नाही, त्यामुळे सगळं इंडक्शनवर. २५ लिटरचा स्टीलचा टोप आणि मोठी गाळणी आहे. प्रत्येकाला साधारण अडीच लिटरची बॅच घरी नेता यावी, म्हणजे एकूण २० लिटर. शिवाय ज्यांची आधीची बॅच तयार आहे ते ती आणून तिथेच बाटल्या भरतील.

अडचण वेळेची आहे. २० लिटर उकळा, चहा मुरवा, साखर विरघळवा, मग थंड होईपर्यंत थांबा, हे चार तासांत बसत नाही. दुसरं म्हणजे सगळ्यांचे स्टार्टर (आधीच्या बॅचमधलं आंबट पाणी) एकाच टोपात ओतले तर चालेल का? आणि दोघांचा आग्रह आहे की बिअरचीही एक लहान बॅच लावू. त्याबद्दलही सांगा.

बरणी_ऐरोली

सगळं पाणी उकळूच नका. घट्ट चहा करा आणि थंड पाण्याने वाढवा. २००० वॅटच्या इंडक्शनवर ५ लिटर पाणी पंधरा-सोळा मिनिटांत उकळतं, २० लिटरला तास लागतो. आणि झाकण ठेवलेला २० लिटरचा टोप आपल्या हवेत संध्याकाळपर्यंत कोमटसुद्धा होत नाही.

२० लिटरसाठी माप असं धरा. उकळतं पाणी ५ लिटर. सीटीसी (दाणेदार) आसाम चहा १०० ग्रॅम, किंवा लांब पानांचा असेल तर १५० ग्रॅम. साधी पांढरी साखर १.४ किलो. सीटीसी ८ ते १० मिनिटं मुरवा, त्यापुढे नुसता तुरटपणा वाढतो. आधी गाळा, मग गरम असतानाच साखर विरघळवा.

यात साधारण तापमानाचं १०.५ लिटर पाणी आणि २ किलो बर्फ. गाळल्यावर चहा ८० अंशांच्या आसपास असतो. नुसतं १२.५ लिटर साधं पाणी घातलंत तर मिश्रण ४३ अंशांवर येतं आणि तिथेच अडकतं. त्यात स्टार्टर घातला की यीस्ट आणि जिवाणू दोन्ही मार खातात, आंबटपणा वेळेत चढत नाही आणि आठवड्याने वर बुरशी दिसते. त्याच पाण्यातलं २ किलो बर्फाच्या रूपात घातलं तर मिश्रण थेट ३० अंशांवर उतरतं. थर्मामीटर घालून खात्री करा. ३२च्या खाली आल्याशिवाय स्टार्टरची बाटली उघडूसुद्धा नका.

बर्फ बाजारचा अजिबात नको. सहा जणांनी आदल्या दिवशी प्रत्येकी २ लिटर पाणी उकळून, झाकून, थंड करून आणावं. उरलेल्या दोघांनी उकळलेल्या पाण्याचाच एकेक किलो बर्फ स्टीलच्या डब्यात लावावा. मोठ्या डब्याला गोठायला रात्रभर लागते, तेव्हा शनिवारी दुपारीच फ्रीझरमध्ये ठेवा. पाणी मोरबे धरणाचं (नवी मुंबईचं) असो की ठाणे पालिकेचं, क्लोरीन असतोच. दहा मिनिटं उघड्यावर उकळलं की तो जातो. आरओचं पाणीही चालतं.

इंडक्शनबद्दल एक गोष्ट आधी बघून या. २००० वॅट म्हणजे जवळपास ९ अँपिअर. क्लब हाउसच्या भिंतीवर पंखा-दिव्याच्या बटणाशेजारी जो लहान सॉकेट असतो तो ६ अँपिअरचा. तिथे लावलं की एमसीबी पडेल किंवा प्लग वितळेल. १६ अँपिअरचा सॉकेट शोधा आणि दोन इंडक्शन एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर लावू नका.

सायीखालचा_मासा

स्टार्टरच्या प्रश्नाला उत्तर: चहा एकत्र करा, कल्चर (स्टार्टरमधले जिवाणू आणि यीस्ट) एकत्र करू नका. हा दिवस सुरळीत जाण्यासाठी याहून महत्त्वाचं काही नाही.

आठ घरांतून आठ बरण्यांचं पाणी येतं. त्यातल्या एकीत चिलटांच्या अळ्या असतील किंवा कडेला बुरशीचा ठिपका असेल, तर टोपात ओतल्यावर २० लिटर गेलं, आणि पुढे आठही घरांची मूळ बरणी धोक्यात. म्हणून टोपात फक्त गोड चहा. तो वाटून घ्यायचा, माणशी २.२ लिटर पडतो. त्यात प्रत्येकाने आपापला ३०० मिली स्टार्टर घालायचा. अडीच लिटरला ३०० मिली म्हणजे १२ टक्के, आपल्या हवेत एवढा पाहिजेच. पावसाळ्यात दमटपणा असतो तेव्हा १५ टक्क्यांपर्यंत न्या.

स्टार्टर घरून काढताना बरणीच्या वरच्या भागातून काढा. तळाशी यीस्टचा गाळ बसलेला असतो. ३२-३३ अंशांत यीस्ट तशीही पुढे पळते, त्यात तळाचा गाळ स्टार्टर म्हणून वापरला की पुढची बॅच उग्र, कधी अंड्यासारखा वास येणारी होते. वरचा द्रव आंबट आणि स्वच्छ असतो. वरची चकती आणली नाही तरी काही बिघडत नाही. ती जिवाणूंनी विणलेला सेल्युलोज आहे, काम सगळं द्रवाचं. नव्याने सुरू करणाऱ्यांना मात्र वाटतं की चकती मिळाली म्हणजे झालं, आणि वाटीभर पाण्यात ती घेऊन जातात. त्यांना ३०० मिली द्रव मोजून द्या.

दारातच एक जण तपासणीला बसवा. प्रत्येक स्टार्टर उजेडासमोर धरून बघायचा. तपकिरी दोरे, तरंगणारे लगदे, तळाचा गाळ हे सगळं ठीक. सुकी, लोकरीसारखी, निळसर-हिरवी, काळी किंवा पांढरी बुरशी वर असेल तर ती बाटली उघडायचीच नाही. आणि घरी त्या बरणीतलं काही वाचवायचं नाही, चकती धुऊनही नाही. सगळं टाकून बरणी उकळत्या पाण्याने धुवा.

पीएचच्या (आंबटपणा मोजायच्या; आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) पट्ट्या ठेवा, पण ० ते १४ वाल्या नकोत, त्यांत ४ आणि ५ मधला रंग कळत नाही. २.८ ते ४.४ एवढंच मोजणाऱ्या घ्या. स्टार्टर घालून ढवळल्यावर ४.२ किंवा त्याखाली यायला हवं, ४.५च्या वर कधीच नको. वर राहिलं तर आणखी स्टार्टर घाला. स्टार्टर संपला असेल तर साधं पांढरं डिस्टिल्ड व्हिनेगर चमच्याचमच्याने. ‘मदर’ (जिवंत जिवाणूंचा गाळ) असलेलं ॲपल सायडर व्हिनेगर घालू नका, त्यातले जिवाणू तुमच्या कल्चरवर बसतील.

कोपरी_कट्टा

बिअर नको. महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ (आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा) लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते स्वतःच्या स्वयंपाकघरात पाच लिटर का असेना. परवाने राज्य उत्पादन शुल्क विभाग देतो आणि मायक्रोब्रुअरीचे (लहान बिअर कारखान्यांचे) परवाने व्यवसायासाठी आहेत. सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये तर विषयच काढू नका, जागा देणाऱ्या कमिटीलाही गोत्यात आणाल.

कोंबुच्यातही थोडं अल्कोहोल तयार होतंच. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) २०१८च्या नियमांत ०.५ टक्क्यापेक्षा जास्त असेल तर ते मद्य धरलं जातं. जास्त साखर घालून बंद बाटली उन्हाळ्यात तीन-चार दिवस बाहेर ठेवली की ही रेषा ओलांडली जाऊ शकते. म्हणून बाटलीतली साखर मोजून घाला आणि वेळेवर फ्रिजमध्ये टाका. उरलेलं सोसायटीत विकायचा विचार करू नका, त्याला एफएसएसएआयची नोंदणी लागते. गरोदर बायका, प्रतिकारशक्ती कमी असलेले आणि लिव्हर-किडनीचे रुग्ण यांना घरचा कोंबुचा चाखायलाही देऊ नये, हे जमलेल्या सगळ्यांना आधीच सांगा.

बिअरची चव हवी असणाऱ्या दोघांना हॉप्स (बिअरला वास आणि कडवटपणा देणारी फुलं) वापरू द्या. तयार कोंबुच्यात लिटरला १ ते २ ग्रॅम हॉप्सच्या गोळ्या मलमलच्या पुरचुंडीत बांधून एक-दोन दिवस फ्रिजमध्ये. सुगंध छान उतरतो. फक्त ते पाणी पुन्हा स्टार्टर म्हणून वापरायचं नाही, कारण हॉप्स काही जिवाणूंना मारक असतात.

घोडबंदरकर

मनापासून आभार, बर्फाच्या गणिताने सगळा कार्यक्रमच सुटला. बिअर रद्द. आता बाटल्यांबद्दल विचारतो. आमच्यातल्या निम्म्यांची तक्रार आहे की फसफस येतच नाही आणि बाकीच्यांची उघडताना अर्धी बाटली बेसिनमध्ये जाते. फळांमध्ये कोकम, आंबा, आलं ठरलं आहे.

फसफस_नेरूळ

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच: बरणी न ढवळता बाटल्या भरणं. यीस्ट तळाशी असते. पहिल्या बाटल्यांत ती जात नाही, शेवटच्या दोन बाटल्यांत सगळी जाते. स्टार्टर बाजूला काढून झाला की लाकडी पळीने तळापासून ढवळा आणि ढवळता ढवळता भरा. तरीही गॅस येत नसेल तर झाकणाचं रबर बघा. रबर कडक झालं असेल तर गॅस बाहेर जात राहतो. रोज झाकण उघडून ‘गॅस सोडण्या’ची सवयही बंद करा.

पट्टीच्या झाकणाच्या (तारेच्या कडीने घट्ट बसणाऱ्या) गोल, जाड काचेच्या बाटल्या घ्या. शोभेच्या चौकोनी बाटल्या कोपऱ्यातून फुटतात, मग झाकण कितीही चांगलं असो. ३ सेंटिमीटर जागा मोकळी ठेवा. प्रत्येक घराने त्याच बॅचची एक सॉफ्ट ड्रिंकची प्लास्टिक बाटली भरावी (पाण्याची नको, ती पातळ असते). ती अंगठ्याने दाबली जात नाही इतकी टणक झाली की काचेच्या सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये. ३० अंशांत हे २४ ते ३६ तासांत होतं. ऑक्टोबर हीटमध्ये पहिल्या संध्याकाळपासूनच दाबून बघत जा. फ्रिजमध्ये किमान रात्रभर ठेवल्याशिवाय उघडू नका, गार द्रवात गॅस मुरतो.

आता फळं. आल्याचा कीस घालू नका, गाळलेला रस घाला, ७५० मिलीच्या बाटलीला एक चहाचा चमचा. कीस आणि फळाचे तुकडे यांच्यावर बुडबुडे एकदम जमतात आणि उघडताच कारंजं होतं. हापूसचा रस लिटरला ३० ग्रॅमपेक्षा जास्त नको, तोही चाळणीतून. त्यात साडेचार-पाच ग्रॅम साखर सहज जाते आणि एवढी पुरते. कोकमात आगळ वापरू नका, त्यात मीठ असतं आणि यीस्ट मंदावते. अमृत कोकम घ्या, पण ते साखरेचा पाक आहे हे विसरू नका: लिटरला १० मिली, बस. रंग कमी आला तर पिताना ग्लासात वरून घाला. एप्रिल-मेमध्ये ताजे रातांबे मिळाले तर सालींचा अर्क सगळ्यांत उत्तम.

कामाचा क्रम: सकाळी आल्या आल्या आधी बाटल्या भरा, हात आणि टेबलं तेव्हाच सर्वांत स्वच्छ असतात. फळं चिरायचं टेबल दुसऱ्या टोकाला ठेवा, चिलटं तिथेच जमतात. चहाचं पाणी ११ वाजता चढवलं तरी साडेबाराला वाटप सुरू होतं.

बरणी_ऐरोली

नेण्याचं राहिलं. ट्रान्स-हार्बरने नेरूळला जाणाऱ्यांनी काचेची बरणी नेऊ नये. प्रत्येकाने ५ लिटरचा पाण्याचा स्वच्छ प्लास्टिक कॅन आणावा, त्यात अडीच लिटर बसून वर मोकळी जागा राहते. स्टार्टर क्लब हाउसमध्येच कॅनमध्ये घालून पट्टीने पीएच बघून मग निघा. नुसता गोड चहा घेऊन घरी जायचं आणि रात्री सवडीने स्टार्टर घालायचा, असं करू नका. आंबट न केलेला गोड चहा उकाड्यात कोणत्याही जिवाणूला आयतं अन्न आहे. झाकण घट्ट लावा, दोन-तीन तासांत गॅस होत नाही.

घरी गेल्या गेल्या रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत ओता. लोणच्याची चिनी मातीची बरणी नको, जुन्या झिलईत शिसं असू शकतं आणि हे आम्ल ते ओढून घेतं. तांबं-पितळ-ॲल्युमिनियम तर नाहीच. तोंडावर घट्ट विणीचं सुती कापड, पंच्याची दुहेरी घडी चालेल. मलमलच्या जाळीतून चिलटं आत जातात. वर रबर बँड. फळांची टोपली, कचऱ्याचा डबा आणि ओल आलेली भिंत यांपासून लांब, पण बंद कपाटात नाही.

पाचव्या दिवसापासून स्ट्रॉने चकतीखालून चव बघा. पीएच ३ ते ३.३ आणि थोडा गोडवा शिल्लक असताना बाटलीत भरा. गोडवा पूर्ण संपेपर्यंत थांबलात तर बाटलीत गॅससाठी काही उरत नाही. तशी बॅच फेकू नका, ती पुढच्या वेळचा उत्तम स्टार्टर आहे.

सायीखालचा_मासा

एक भर. त्या दिवशी तिथे केफिर (आंबवलेल्या दुधाचं पेय) किंवा दह्याचं विरजण कुणी आणू नये, आणलं तर वेगळ्या खोलीत. हात साध्या साबणाने धुऊन भरपूर पाण्याने खंगाळा, सुगंधी सॅनिटायझर लावलेला हात बरणीत घालू नका. आणि चहा साधाच घ्या. अर्ल ग्रे या सुगंधी चहामधलं बर्गमॉटचं तेल आणि मसाला चहातले लवंग-दालचिनीचे अर्क कल्चरला मानवत नाहीत. दोन-तीन बॅचमध्ये चकती पातळ होत जाते आणि कारण लवकर लक्षात येत नाही.

घोडबंदरकर

ठरलं तर. पाणी सहा जणांकडे, बर्फ नेरूळच्या दोघांकडे जाणार होता, पण तेवढ्या प्रवासात वितळेल, म्हणून तो घोडबंदरच्याच दोन घरांत लावतो. १६ अँपिअरचा सॉकेट क्लब हाउसच्या पँट्रीत एकच आहे, तेव्हा इंडक्शनही एकच. पट्ट्या, थर्मामीटर आणि ३०० मिलीचं मापाचं भांडं माझ्याकडून.